मिक्सर घ्यायचाय? आधी भांडी बघा, मग वॅट, आणि ऑफर सगळ्यात शेवटी

दसरा-दिवाळी जवळ आली की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, मिक्सर कुठला घेऊ, आणि खाली दहा जण दहा कंपन्यांची नावं टाकून मोकळे होतात. घरात माणसं किती, वाटण रोज लागतं का, मसाला घरी करता की गिरणीतून आणता, हे कोणी विचारतच नाही. फ्रीजचं तसंच, इंडक्शन शेगडीचं तसंच. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच काढू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, तुलना आपल्या घरातल्या कामाशी करायची, आणि किंमत म्हणजे वस्तू घरी येऊन चालू होऊन पुढची पाच-दहा वर्षं वापरेपर्यंत जेवढे पैसे जातात ती सगळी.

तर पहिलं काम, मोबाईलवर कुठलंही अ‍ॅप उघडायच्या आधी एका कागदावर आपण त्या वस्तूत काय काय करणार ते लिहा. मिक्सर असेल तर, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं-आलं-लसूण वाटण, सुक्या खोबऱ्याची चटणी, इडली-डोशाचं पीठ, उन्हाळ्यात पन्हं-ताक, वर्षातून एकदा मालवणी किंवा काळा मसाला, असं जे खरंच होतं ते. जे होईलसं वाटतं ते लिहू नका. ज्यूसरचं भांडं हवंच म्हणून सातशे-आठशे रुपये जास्त देणारे खूप जण आहेत आणि ते भांडं माळ्यावर असतं. आता प्रत्येक कामापुढे रोज, आठवड्यातून, वर्षातून एवढं लिहिलं की झालं, निम्मा निर्णय तिथेच होतो.

आता मिक्सर सविस्तर बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो.

वॅट. बाजारात साधारण ५००, ७५० आणि १००० वॅट असे तीन गट दिसतील. दोघं-तिघं असतील आणि मुख्य काम कूट, चटणी, थोडं वाटण असेल तर ५०० वॅट पुरतो, उगाच वर जायची गरज नाही. चार-पाच माणसं, रोजचं वाटण, अधूनमधून इडलीचं पीठ असेल तर ७५० घ्या. हळकुंडं, सुकं खोबरं, धणे-मिरचीचा मसाला घरीच करायचा किंवा छोटा डब्याचा व्यवसाय आहे, तर १००० बघायला हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा, वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते ते, वाटण किती बारीक होईल ते त्यावर एकट्यावर ठरत नाही, ते पात्याचा आकार, भांड्याचा आकार आणि आत ज्या उभ्या कडा असतात त्यांच्यावर पण असतं. चांगल्या भांड्याचा ७५० वाला वाईट भांड्याच्या १००० वाल्यापेक्षा बारीक वाटतो.

आणि विजेच्या बिलाची काळजी मिक्सरमध्ये करूच नका. ७५० वॅटचा मिक्सर रोज पाच मिनिटं चालवला तरी एक युनिट व्हायला सोळा दिवस लागतात. म्हणजे महिन्याला दोन युनिटपण नाही. त्यामुळे कोणी वीज वाचवणारा मिक्सर म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नका, तेच पैसे जाड भांड्यांवर घाला.

भांडी. माझ्या मते मिक्सर घेताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. साधारण तीन येतात, दीड लिटरच्या आसपासचं मोठं, एक लिटरच्या आसपासचं मधलं आणि चटणीचं छोटं. चटणीचं भांडं बघा आधी. ते ३०० ते ४०० मिलीचं असेल तर दोन चमचे लसूण-खोबरं नीट वाटलं जातं, मोठं असेल तर तेवढा जिन्नस भिंतींना जाऊन चिकटतो, पातं मोकळं फिरत राहतं आणि मग पाणी घालून घालून चटणीचं सार होतं. मराठी घरात हे भांडं दिवसातून दोनदा निघतं आणि बॉक्सवर त्याचाच उल्लेख सगळ्यात बारीक अक्षरात असतो. दुकानात असाल तर भांडं हातात घ्या, तळाला बोटाने दाबून बघा, पत्रा पातळ असेल तर कळतं. हँडल कसं बसवलंय ते बघा, स्क्रूचं असेल तर पुढे सैल झालं की आवळता येतं. झाकण एका हाताने बसतं का, रबर बाहेर काढून धुता येतं का, कारण त्या रबराखाली वाटण अडकून वास येतो. झाकण पारदर्शक असलं तर आत काय चाललंय ते बघायला सारखं थांबवावं लागत नाही. स्टील ३०४ ग्रेडचं आहे असं लिहिलेलं असेल तर चांगलं, चिंच-टोमॅटो रोज असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

ब्लेंडर आणि आपला मिक्सर-ग्राइंडर एकच समजू नका. परदेशी पद्धतीचे ब्लेंडर मुळात ओलं, मऊ, पातळ फिरवायला केलेले, सुकं खोबरं आणि भिजवलेली डाळ त्यांना झेपत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर आणला तो याच अडचणीतून, भारतीय वाटणासाठी दणकट मोटर आणि स्टीलची भांडी, आणि पुढे कितीतरी घरांत मिक्सरला सुमीतच म्हणायचे. म्हणून ऑनलाइन फोटोत काचेचं उंच भांडं आणि चकचकीत बटणं दिसली तरी वर्णनात कोरडं दळणं आणि ओलं वाटणं दोन्ही स्पष्ट लिहिलंय का तेवढं वाचा. स्मूदीच करायची असेल तर मग ब्लेंडर ठीक आहे.

मोटर किती वेळ सलग चालते हे फार कमी लोक विचारतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पाच मिनिटं चालू मग दोन मिनिटं बंद वगैरे, आणि खालच्या पट्टीवर ३० मिनिट रेटिंग असं असतं. काही कंपन्या, उदाहरणार्थ सुजाता, ९० मिनिटं सलग चालते असा दावा करतात, म्हणून ज्यूसच्या गाड्यांवर आणि छोट्या हॉटेलांत त्या जास्त दिसतात. घरच्या कामाला एवढं लागत नाही, पण गणपतीत दहा-बारा माणसांचं वाटण एका दमात काढणाऱ्या घरात या आकड्याला किंमत आहे. खाली लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, मोटरवर ताण आला की ते पडतं आणि मिक्सर बंद होतो, थोडं थांबून दाबलं की चालू. ते आहे का बघाच, ते नसेल तर मोटर जळू शकते.

वॉरंटीबद्दल थोडं सावध. बॉक्सवर मोठ्या अक्षरात मोटरला ५ वर्षं असं असतं, ते खरंही असतं, पण घरच्या मिक्सरमध्ये मोटर क्वचितच आधी जाते. आधी जातो खालचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी चकती, मग भांड्याच्या तळाचं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, गळायला लागतं, मग रबर, मग झाकणाची कड तुटते. या गोष्टी बहुतेक वॉरंटीत बसत नाहीत. म्हणून मोटरच्या वर्षांची तुलना करण्यापेक्षा हे विचारा की या मॉडेलचं चटणीचं भांडं सुटं मिळतं का आणि कितीला, कपलर कितीला, आणि तुमच्या गावात मिळतं का. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत सुटे पार्ट सापडतील, पण तालुक्याच्या गावी राहत असाल तर तिथल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याला जाऊन सरळ विचारा की दादा तुमच्याकडे कुठल्या कंपनीचे पार्ट असतात. त्याचं उत्तर रिव्ह्यूंपेक्षा जास्त उपयोगी असतं. आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला एक फोन करून आपला पिन कोड सांगायचा, सर्व्हिस सेंटर कुठलं, माणूस घरी येतो का, व्हिजिटचे किती घेतात. विकत घेण्याआधीच फोन उचलत नसतील तर नंतरचं काय सांगावं.

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे न्यायचा असेल तर इथला २३० व्होल्टचा नेऊ नका, तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात. त्यांच्यासाठी ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर वेगळे मिळतात, तेच घ्या. इथला तिकडे चालवायला व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचं ओझं बॅगेत परवडत नाही.

आता किंमत. एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे, सगळे कर धरून, त्याच्यावर विकता येत नाही एवढाच तिचा अर्थ. ६,००० एमआरपी आणि ५५ टक्के सूट असं वाचून आनंद होतो पण ती वस्तू वर्षभर कुठेच ६,००० ला विकली जात नसेल तर त्या ५५ टक्क्यांना काही अर्थ नाही. सवलतीचा टक्का हा कॉलम आपल्या कागदावर ठेवूच नका, फक्त शेवटी हातातून जाणारा आकडा लिहा. सेल यायच्या तीन-चार आठवडे आधी आपल्या यादीतल्या तीन मॉडेलच्या किमती लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा. किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या साइट पण आहेत, त्यावर लिंक टाकली की मागच्या काही महिन्यांचा आलेख दिसतो. मग सेलच्या दिवशी खरंच किती उतरलं ते लगेच कळतं.

मॉडेल नंबर पूर्ण जुळवा. हे फार महत्त्वाचं आहे कारण एकाच नावाचे मिक्सर ऑनलाइन वेगळे आणि दुकानात वेगळे असतात, नाव तेच, पुढे एखादं अक्षर वेगळं, आणि त्या अक्षरात एक भांडं कमी किंवा वॅट कमी असतो. दुकानदाराला ऑनलाइनची किंमत दाखवायची असेल तर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतोय याची खात्री करूनच दाखवा, मग तो पण मान्य करतो. बरेच दुकानदार दोनशे-तीनशेच्या फरकात तेच देतात, आणि काही बिघडलं तर समोर माणूस असतो. माझा कल मिक्सरसाठी जवळच्या दुकानाकडेच आहे, कारण तिथे भांडं हातात घेता येतं आणि मशीन चालवून आवाज ऐकता येतो. आवाज रिव्ह्यू वाचून कधीच कळत नाही.

समजा एक मिक्सर ३,२०० ला आहे आणि दुसरा २,६०० ला. दुसऱ्यात चटणीचं भांडं नाही आणि ते सुटं ६०० ला आहे, तर दोघं एकाच किमतीला आले, आता ठरवायचं ते भांड्यांवर आणि सर्व्हिसवर. अशी बेरीज प्रत्येक मॉडेलची केली की मगच किंमत शेजारी ठेवून बघण्याजोगी होते. एक्स्चेंजचे पैसे यात मिसळू नका. आधी जुनं न देता किंमत विचारा, ती पक्की झाली की मग जुन्याचे किती ते विचारा, नाहीतर एका हाताने वाढवून दुसऱ्या हाताने दिलेलं कळत नाही.

रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडा. काल मिळालं, पॅकिंग छान, पाच स्टार, याचा आपल्याला काय उपयोग. तीन स्टारवाले वाचा आणि सहा महिने किंवा वर्षभर वापरून लिहिलेले शोधा, तिथे लोक नेमकं सांगतात की भांडं गळतं, झाकण उडतं, दोन नंबरच्या स्पीडला गरम होतो. तीच तक्रार चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी धरा.

फ्रीजचा हिशोब पूर्ण उलटा आहे. मिक्सर दिवसाला पाच मिनिटं, फ्रीज चोवीस तास, म्हणून इथे वीज हीच मोठी किंमत. बीईईचं, म्हणजे वीज बचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, स्टार लेबल असतं त्यावर तारे बघून थांबू नका, त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो, तो लिहून घ्या. तारे देण्याचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे सारखे नसतात, युनिट मात्र युनिटच असतं. लेबलवर कधीपासून कधीपर्यंत वैध तेही असतं, गोडाऊनमधला जुना माल स्वस्त मिळतोय का हे तिथे कळतं. बीईईचं अ‍ॅप आहे, त्यावर मॉडेल तपासता येतं.

आता गणित. समजा दोन फ्रीज, एकाला वर्षाला १९० युनिट आणि दुसऱ्याला १५०, दुसरा ३,००० नी महाग. फरक ४० युनिटचा. आपलं बिल काढा आणि वरच्या स्लॅबचा, म्हणजे युनिटच्या वरच्या टप्प्याचा, दर बघा, कारण महावितरणचे स्लॅब १००, ३००, ५०० असे चढतात आणि फ्रीजचे वाचलेले युनिट वरच्या स्लॅबमधूनच कमी होतात. बिलातले बाकीचे सगळे चार्ज धरून युनिटला १२ रुपये पडत असतील तर वर्षाला ४८० वाचले, ३,००० वसूल व्हायला सव्वासहा वर्षं. फ्रीज दहा-बारा वर्षं चालतो, तर महागडा घ्या. पण तुमचं बिल १०० युनिटच्या आतच राहत असेल तर दर खूप कमी असतो, मग तीच बेरीज उलटी पडू शकते. म्हणून शेजारणीचा निर्णय आपल्याला लागू होत नाही.

फ्रीजचे लिटर बघताना लेबलवर एकूण आणि प्रत्यक्ष साठवणीचे असे दोन आकडे असतात, तुलना साठवणीच्या आकड्याची करा. स्टॅबिलायझर लागत नाही असं लिहिलेलं असेल तर किती ते किती व्होल्टपर्यंत ते वाचा, गावाकडे व्होल्टेज खाली जातं तिथे तो आकडा महत्त्वाचा. दाराची, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि ओट्याशेजारची जागा टेपने मोजून कागदावर लिहा, मागे हवेला जागा ठेवून. कॉम्प्रेसरला १० वर्षं बऱ्याच कंपन्या देतात, बाकी सगळ्याला मात्र बहुतेक १ वर्षच असतं. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायचीच तर फ्रीजला घ्या, मिक्सरला नको.

इंडक्शनचं थोडक्यात, पण यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. ओट्यावरचा साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १,४०० वॅटच्या आतलाच. तिथे पिन बदलून किंवा अ‍ॅडॉप्टर लावून चालवली तर सॉकेट तापतो, वितळतो. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि त्याला जाड वायर लागते, तो नसेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च शेगडीच्या किमतीत मिळवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हलाही, म्हणजे ज्यात केक वगैरे भाजता येतो त्यालाही, हेच. दुसरा खर्च भांड्यांचा. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, पितळेचं पातेलं, गोल बुडाची कढई चालत नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून घरातल्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा, जिथे चिकटतं आणि बूड सपाट आहे ती चालतील. बाकीची नवीन घ्यावी लागली तर १,८०० ची शेगडी पाच हजारांना पडते. नवा कुकर घेणार असाल तर आयएसआय मार्क बघाच, १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे, ऑनलाइन स्वस्तात बिनमार्काचे दिसले तर हात लावू नका. आणि मंद आचेचं काम जास्त असेल, दूध आटवणं वगैरे, तर स्वस्त शेगड्या कमी सेटिंगला सारख्या चालू-बंद होतात, दूध एकदम उकळतं मग शांत. दुकानात पाणी ठेवून सगळ्यात कमी आचेवर चालवून बघा.

मायक्रोवेव्हमध्ये पाठीमागे दोन वॅट लिहिलेले असतात, इनपुट आणि आउटपुट, अन्न गरम होतं ते आउटपुटवर, तुलना त्याची करा. नुसतं गरम करायचं असेल तर २० लिटरचा साधा सोलो पुरे. डिशवॉशर मनात असेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, जुन्या किमतींच्या याद्या बघून बजेट ठरवू नका.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, घेताना बिलाचा ब्रेकअप बघा. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट आधी दिलेली असते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याला भरावा लागतो. व्याज समजा १,३०० झालं तर २३४ रुपये हे, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर पुन्हा जीएसटी. शिवाय रोख घेतलं तर जी वेगळी सूट मिळाली असती ती ईएमआयवर मिळते का ते विचारा, कित्येकदा मिळत नाही, आणि मग तोच खरा खर्च असतो.

पैसे देण्याआधी शेवटचं, मिक्सरवर आयएसआय मार्क असेल तर त्याच्यावर आयएस ४२५० हा मानकाचा नंबर आणि खाली लायसन्स नंबर असतो, तो लायसन्स नंबर, आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएस या संस्थेच्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं, नाव जुळलं पाहिजे. ऑनलाइन घेताना विकणारा कोण आहे ते पानावर खाली दिलेलं असतं, उत्पादनाचा देशही, दोन्ही वाचा, कारण वॉरंटीसाठी कंपनी कधीकधी अधिकृत विक्रेत्याचंच बिल मागते. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर हवा. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, भांडी मोजा, प्रत्येक भांडं बसवून पाण्यावर एकदा फिरवा, गळतं का ते त्याच दिवशी कळतं आणि बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत कळवता येतं. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते. कंपनी आणि दुकान दोघांनी टोलवाटोलवी केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला त्याची फी लागत नाही.